पोटखराबा : इंदापूरच्या माळावरील एक अभ्यासफेरी

शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकातील गवताळ प्रदेशांची नावे आपण सर्वांनीच पाठ केलेली आहेत. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी, दक्षिण अमेरिकेतील पंपास, युरेशियातील स्टेप, आफ्रिकेतील सॅव्हाना, ऑस्ट्रेलियातील डाउन्स. 'जोड्या लावा' या प्रश्नात ती हमखास येत आणि चार-पाच गुण पदरात पडत. माझे गाव इंदापूर तालुक्यात. मागल्या दाराने बाहेर पडले की डोळ्यांना थांबवील असे काही नाही, नुसते गवत. पण हे गवतही त्या यादीत बसू शकेल असा विचार परवापरवापर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. प्रेअरी ती प्रेअरी. आमचा तो माळ. आमच्या सात-बाराच्या उताऱ्यावर तर त्याला माळही म्हटलेले नाही. तेथे 'पोटखराबा' असा शब्द आहे आणि त्याच्यापुढे तीन एकरांचा आकडा आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने कडबनवाडीला अभ्याससहल काढली. मी मराठीची विद्यार्थिनी, द्वितीय वर्षाची. गाडीत दोन जागा रिकाम्या राहिल्या म्हणून माझा समावेश झाला. खरे सांगायचे तर आम्हां इंदापूर तालुक्यातल्या मुलींना या सहलीचे हसूच आले होते. लोक महाबळेश्वरला जातात, अजिंठ्याला जातात. माळ बघायला कोणी पैसे भरून जाते का? सर म्हणाले, "जाऊन येऊ, मग हसा." त्या फेरीत जे पाहिले आणि परतल्यावर जे वाचले, ते वाचकांसमोर ठेवीत आहे.

वनखात्याने २०२४ साली इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेल्या वाटांनी वाहनातून फिरायचे आणि बरोबर गावातलाच प्रशिक्षण घेतलेला तरुण वाटाड्या असायचा, अशी ही व्यवस्था आहे. बारामती तालुक्यातच सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखले गेले आणि क्षेत्रफळाने जेमतेम पाच चौरस किलोमीटर भरते. एखाद्या मोठ्या गावच्या शिवाराएवढे अभयारण्य, असे म्हटले तरी चालेल.

पहाटे साडेसहाला आम्ही आत शिरलो. थंडी मी म्हणत होती आणि गवतावर दव होते. पहिली पंधरा मिनिटे काहीच दिसले नाही. मग आमचा वाटाड्या दादा हळूच म्हणाला, "उजवीकडं, हिवराच्या बुडाला." आम्ही टक लावून पाहिले; गवताशिवाय काही नाही. एकाएकी त्या गवतातच एक काळी शेपटी टकटक हलली आणि तिच्यामागे पाच चिंकारे उभे असल्याचे ध्यानात आले. रंग वाळल्या गवताचा, पाय काडीसारखे. नराची शिंगे वळ्यावळ्यांची, मादीची बारीक. त्यांतल्या एकाने शिंकल्यासारखा आवाज केला आणि पाचही जण पाहतापाहता दिसेनासे झाले. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकतो. पाल्यातले आणि दवातले पाणी त्याला पुरते. मला आमच्या दुष्काळी गावातल्या बायका आठवल्या. पण ते असो.

सफारी आटोपल्यावर खरी फेरी सुरू झाली. वनखात्याच्या हद्दीबाहेर दादाच्या गावचे गायरान होते. तेथून ओढ्याच्या काठाकाठाने चार-पाच किलोमीटर पायी जायचे होते. ओढ्याच्या पहिल्याच वळणावर सरांनी सर्वांना थांबविले. पावसाळ्यातल्या पाण्याने दरड उभी कापून काढली होती आणि माळ जणू पोट उघडून दाखवीत होता. वरच्या बाजूला गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली जेमतेम वीतभर माती. तिच्याखाली मुरूम. मुरमात मोठाले गोल धोंडे रुतलेले आणि त्या धोंड्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. सरांनी एक पापुद्रा बोटांनी ओढला, तो सहज निघाला. आतला गाभा मात्र हातोड्यालाही दाद देईना. त्याखाली काळा कातळ होता, उभ्या भेगांचा.

हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून तप्त लाव्हारस वर आला आणि पसरला. थंड झाला, पुन्हा आला, पुन्हा पसरला. थरावर थर साचत गेले. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच वसला आहे. त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवरून आला. घाटात या पायऱ्या डोळ्यांत भरतात. आमच्याकडे पूर्वेला त्या इतक्या बुटक्या आणि रुंद होतात की पायऱ्या न वाटता माळ वाटतात. सरांनी एक दगड हाती दिला. त्यात सुपारीएवढी भोके होती आणि काही भोकांत पांढरे, किंचित गुलाबी स्फटिक भरलेले होते. लाव्हारस थिजताना आतल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि पुढे लक्षावधी वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत ही खनिजे भरली. पुस्तकात त्यांना झिओलाइट म्हणतात.

दादा हसला. म्हणाला, "सर, ह्याला आम्ही मांजऱ्या म्हणतो." त्याचे चुलते विहिरी खोदण्याच्या कामावर असत. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे खडकांचे वर्गीकरण त्यांना तोंडपाठ होते. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा, पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च. भूगर्भशास्त्रही हेच सांगते. सच्छिद्र, झिजलेल्या थरात पाणी मुरते. घट्ट थरात केवळ भेगांतून उतरते. मराठीच्या विद्यार्थ्यांनी परिभाषा कोशातच शोधावी असे नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

येथे प्रेअरीशी तुलना करण्याचा मोह सरांना आवरला नाही आणि तो आवरला नाही हे बरेच झाले. अमेरिकेतील प्रेअरी ही हिमनद्यांनी आणलेल्या गाळावर आणि वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीवर वाढलेली. तिथली काळी माती कित्येक हात खोल. म्हणूनच १८३७ साली जॉन डीयर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर तयार केल्यावर ती भराभर उलटली गेली. इलिनॉय या राज्याचे टोपणनावच 'प्रेअरी राज्य' आहे, आणि मूळ प्रेअरी तेथे शेकडा एक भागही उरलेली नाही. आपल्या माळाचे नशीब निराळे. उंचवट्यावरची माती पावसाने धुऊन भीमा-नीरेच्या खोऱ्यात उतरली आणि तेथे काळी जमीन झाली. माळावर राहिला तो मुरूम. नांगराला तो आवडला नाही, म्हणून माळ वाचला. पोकलेन आणि जेसीबी येईपर्यंत तरी.

पुढे चालताना माझ्या ओढणीच्या आणि सलवारीच्या काठाला शेकडो कुसळे चिकटली. मी वैतागून ती उपटू लागले, तेव्हा सरांनी त्यांतले एक हातावर घेऊन त्यावर बाटलीतले पाण्याचे दोन थेंब टाकले. कुसळाची पिळदार शेपटी उलगडत गोल फिरू लागली! वाळली की पीळ बसतो, भिजली की सुटतो. त्या फिरण्याने टोकाचे बी गिरमिटासारखे मातीत उतरते. टोकावरचे केस मागे वळलेले असल्याने ते परत बाहेर येत नाही. मुरमाड जमिनीत आपले बी आपणच पेरणारे हे गवत. आजवर मी त्याला फक्त शिव्या दिल्या होत्या. कुसळीखेरीज पवन्या, मारवेल, डोंगरी अशी नावे दादा सांगत होता. मारवेल जनावराला गोड, पवन्या वाळला तरी चालतो, कुसळी कुसळ धरण्याआधीच चारावी लागते, हे त्याचे शास्त्र.

मग साहजिकच एकाने प्रश्न विचारला, जो आपल्या सर्वांच्या मनात असतो. येथे पूर्वी घनदाट जंगल असेल, माणसांनी ते तोडले आणि माळ उरला, नाही का? सर म्हणाले, "असेच मलाही शिकविले होते."

इंदापूर-बारामती भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत, लहरीप्रमाणे. उरलेले आठ महिने वीतभर मातीखालचा मुरूम भट्टीसारखा तापतो. अशा जागी हिवर, बोर, बाभूळ, तरवड, नेपती ही काटक झाडे-झुडपे विरळ उभी राहतात. छत्र धरणारे अरण्य उभे राहत नाही. गवताची गोष्ट वेगळी. त्याचा अंकुर जमिनीलगत असतो, शेंड्याला नसतो. म्हणून मेंढराने वरचे पाते खाल्ले, उन्हाने वाळविले, तरी ते मरत नाही. खाली मुळांचे जाळे दबा धरून बसते आणि पहिल्या सरीला उठते. आपला माळ आठ महिने मेल्यासारखा दिसतो तो झोपेमुळे. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांच्या थरांतील पुरावे असे सांगतात की उन्हाळी प्रदेशातील या जातीच्या गवतांनी भारतीय उपखंडात ७०-८० लाख वर्षांपूर्वीच जम बसविला. माणूस कुऱ्हाड घेऊन येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

माणूसही येथे काही कालपरवा आलेला नाही. बारामती तालुक्यातच, मोरगावजवळ कऱ्हा नदीच्या जुन्या गाळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अश्मयुगीन दगडी हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख आमच्या बेसॉल्टची नव्हे. ती दूर सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. तिचे वय किती याविषयी विद्वानांत वाद आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७०नंतरच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले, मण्यांसकट. शहामृग हा मोकळ्या रानात धावणारा पक्षी. ज्या महाराष्ट्रात शहामृग धावत होते, तो सगळाच घनदाट जंगलाने झाकलेला असेल हे पटत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी याहून जवळचा पुरावा आहे, आणि तो परतल्यावर आमच्या बाईंनी मला दिला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुनी काव्ये, संतचरित्रे, लोकगीते, दैवतकथा धुंडाळली आणि त्यांत कोणकोणत्या रानटी झाडांची नावे येतात ते पाहिले. १३व्या शतकापासून पुढच्या या साहित्यात ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मोकळ्या, काटेरी, गवताळ रानाच्या निघाल्या. आपण ज्या ओव्या आणि कथा परीक्षेपुरत्या वाचतो, त्यांत पर्यावरणाचा दस्तऐवज दडलेला असतो, ही कल्पना मला फार आवडली. बाभूळ-बोर आली की आम्ही 'ग्रामीण वातावरणनिर्मिती' असे लिहून मोकळे होतो.

आता प्राण्यांकडे वळते. डिसेंबरातला माळ हा पक्ष्यांच्या दृष्टीने विश्वाच्या चौकासारखा. गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, डोलत उडणारा एक शिकारी पक्षी दादाने दाखविला. त्याचे नाव भोवत्या. हे पक्षी कझाकस्तानच्या स्टेपमधून हिवाळ्यात आमच्याकडे येतात आणि माळावरचे नाकतोडे खातात. म्हणजे 'जोड्या लावा'मधला स्टेप आणि आमचा माळ ही जोडी त्या पक्ष्याने केव्हाच लावून ठेवलेली आहे. चंडोल होते, डोंबारी होते, पखुर्ड्यांचा थवा एकदम पायांखालून उठल्यासारखा उठला. उघड्या मुरमावर तुरुतुरु पळून थबकणारा धाविक मी पहिल्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला म्हणजे पहिल्यांदा ओळखला. दिसला असेल शंभर वेळा. हे सारे पक्षी झाडावर घरटी बांधीत नाहीत. उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि शत्रू लांबून दिसावा एवढीच त्यांची तटबंदी. एका दगडावर सरडा ऊन खात बसला होता. महाराष्ट्राच्या पठारावरील रंगीत गळ्याच्या सरड्यांचा एक स्वतंत्र गट शास्त्रज्ञांनी २०१६ साली वेगळा काढला आणि त्याला शास्त्रीय नाव दिले 'सरडा'. लॅटिनच्या पंगतीत आपला शब्द जसाच्या तसा जाऊन बसला आहे!

माळढोक आम्हांला दिसला नाही, दिसणार नव्हता. एकेकाळी या भागात तो होता. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण त्याचे दर्शन आज तेथेही दुर्मीळ झाले आहे. दादाच्या आजोबांनी तो आपल्याच गायरानात पाहिलेला. दादाने स्वतः तो फोटोतच पाहिला आहे. हे सांगताना तो थोडा वेळ गप्प होता.

ओढ्याच्या ओल्या वाळूत एके ठिकाणी कुत्र्यासारखी पण लांबट, सरळ रेषेत गेलेली पावले होती. जवळ वाळकी विष्ठा, तीत केस. लांडगा. आम्ही मुली नकळत एकमेकींच्या जवळ सरकलो. दादाने पुढच्या टेकाडाकडे बोट केले आणि म्हणाला, "तिकडं आपण जायचं नाही." थंडीच्या महिन्यांत लांडगीण विते. गुहेजवळ माणसे घुटमळू लागली की ती पिले तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या हालचालीत काही पिले दगावतात. फोटोसाठी गाड्या घेऊन येणारे काही हौशी लोक हे पथ्य पाळत नाहीत असे तो म्हणाला. आम्ही वळसा घालून गेलो. २०२२ सालच्या अंदाजांप्रमाणे देशात वाघ साडेतीन हजारांहून अधिक आहेत आणि लांडगे सुमारे तीन हजार. वाघाइतकाच तो कमी, पण वाघाला अरण्य आहे, पर्यटक आहेत, पोस्टाची तिकिटे आहेत. लांडग्याला 'लांडगा आला रे आला' एवढी एकच गोष्ट आहे आणि तीही खोटे बोलणाऱ्या पोराची.

दुपारी एका बाभळीखाली धनगरांचा वाडा लागला. वाडा म्हणजे बिऱ्हाड. घोडी, कोंबड्या, कोकरांची वाघर, सगळे होते. दादाने तिथल्या म्हाताऱ्या आबांना नमस्कार केला आणि आमची ओळख करून दिली. सरांनी लांडग्याचे विचारले. आबा म्हणाले, "हाय की. सालाला दोन-चार कोकरं जायाचीच. त्याच्या वाटणीचं त्यो न्हेतो. त्यालाबी प्वाट हाय." मग काठीने गावाकडे दाखवीत म्हणाले, "त्याचं काय न्हाय पोरी. ती कुत्री लई वंगाळ. लांडगं एक उचलून न्हेतं, कुत्री धा फाडून टाकत्यात आन् खात बी न्हाईत."

हे ऐकताना मला ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटले. घरी येऊन वाचले तेव्हा त्याचे गांभीर्य कळले. हॉटेलांमागचा, कोंबड्यांच्या शेडमागचा कचरा खाऊन मोकाट कुत्री वाढली. ती चिंकाऱ्यांचा पाठलाग करतात, लांडग्यांना रोग देतात, आणि लांडग्यांचे कळप विरळ झाले की त्यांच्याशी संकरही करतात. पुण्याच्या आसपास पिवळसर रंगाचा एक विचित्र लांडगा दिसत असे. त्याच्या जनुकांचा तपास झाला आणि तो लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. बंदुकीने मारलेला प्राणी निदान मेलेला दिसतो. हा प्राणी पिढीगणिक आतून विरत जातो आणि वरून लांडग्यासारखाच दिसतो.

वाड्याशेजारी एक मोठे वारूळ होते आणि त्याला हळद-कुंकू वाहिलेले. वाळवी माळावरचे वाळले गवत पुन्हा मातीत मिळविते, हे सरांनी सांगितले. मला मात्र बिरोबा आठवला. सोन्थायमर या जर्मन पंडिताने पुण्यात राहून धनगरांच्या ओव्या आणि दैवते यांचा जन्मभर अभ्यास केला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ही माळावरची दैवते आणि वारुळाशी त्यांचे नाते त्याने उलगडून दाखविले. पूर्वी या खोऱ्यातील भीमथडीच्या घोड्यांचे नाव मराठ्यांच्या फौजेत गाजत होते. ती घोडी याच गवतावर पोसलेली. आबांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी ती बुटकी घोडी त्याच वंशाची. तेव्हा माळ ओसाड होता असे कोणी म्हणायचे? देव येथले, घोडी येथली, ओव्या येथल्या.

तो 'ओसाड' कधी झाला, याचेही उत्तर इंदापुरातच सापडावे ही मौज आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जी जमीन मोजणी व सारा-आकारणी पुढे सर्वत्र लागू झाली, तिची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली पहिल्याने इंदापूर तालुक्यात बसविली. तीस वर्षांचा धारा ठरला. तीस वर्षांनी फेरआकारणीत तो वाढला. सावकारीने पिचलेल्या शेतकऱ्यांचा उठाव १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सुरू झाला, तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. (होय, तेच सुपे; चिंकाऱ्यांचे.) मोजणीचा हेतू सारा हा होता. ज्या जमिनीतून सारा निघतो ती जमीन. ज्यातून निघत नाही ती पड. मेंढराने खाल्लेले गवत, चिंकारा, चंडोल यांचा रकाना त्या वहीत नव्हता. साहेब गेला, वही राहिली. स्वतंत्र भारतातही देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले तेव्हा गवताळ माळ त्यांतच रंगविले गेले. आणि जे पडीक ते सुधारलेच पाहिजे! मग कारखाना येवो, फळबाग येवो, नाहीतर वृक्षारोपण येवो.

वृक्षारोपणाविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात मी एका श्रमशिबिरात गेले होते. कोणाचे शिबिर आणि कोणते गाव ते सांगत नाही. आम्ही एका माळावर चर खणले आणि चारशे रोपे लावली, बहुतेक गिरिपुष्पाची. हातांना फोड आले, फोटो निघाले. त्या शिबिराचा अहवाल मीच लिहिला आणि त्याला 'ओसाड माळावर हिरवे स्वप्न' असे नाव दिले, बक्षीसही मिळाले. आता सांगताना लाज वाटते की आम्ही चरातून उपसलेला मुरूम ज्यावर टाकला ते वर्षानुवर्षांचे गवत होते. ते मुळांसकट मेले. जी रोपे जगली ती वाढून उंच झाली की त्यांवर कावळे, घारी बसून खालची अंडी टिपतील. धाविक आणि डोंबारी ती जागा सोडून जातील. गिरिपुष्पाच्या झाडाखाली चिंकाऱ्याला काय मिळेल, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकाही शहाण्याला पडला नाही. रस्त्याच्या कडेला, गावठाणात, शाळेच्या आवारात झाडे जरूर लावावीत. पण माळावर झाड लावणे म्हणजे, सरांच्या शब्दांत सांगायचे तर, तळ्यात माती भरून तेथे बाग करण्यासारखे.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी गाणी म्हटली नाहीत. थकवाही होता म्हणा.

रविवारी मी घरी गेले. आमच्या त्या तीन एकर पोटखराब्यावर जेसीबी लावायचा, तळ्यातला गाळ टाकायचा आणि डाळिंब लावायचे असा आण्णांचा बेत दिवाळीपासून चालला आहे. मी जेवताना त्यांना सगळे सांगितले. बेसॉल्टपासून कुसळापर्यंत, भोवत्यापासून लांडग्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "बरं. मग धाकट्याची फी त्या भोवत्यानं भरायची का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. कडबनवाडीच्या दादाला माळाने रोजगार दिला, हे मी सांगितले. आण्णा म्हणाले, गावोगाव सफारी निघाल्यावर बघायला कोण येणार? तेही खरेच आहे. चारा विकून किती पैसे होतील याचा हिशेब मी वहीत मांडला. तो डाळिंबाच्या हिशेबापुढे अगदीच केविलवाणा दिसला. मात्र डाळिंबाच्या हिशेबात मी औषधांचा आणि बोअरचा खर्च धरला नव्हता, तो आईने धरायला लावला. तेव्हा दोन आकड्यांतले अंतर बरेच कमी झाले.

संध्याकाळी आण्णा आणि मी त्या तुकड्याकडे गेलो. मी त्यांना मांजऱ्या दाखविला, तर ते म्हणाले, हे मला काय दाखवतेस. गवतात आम्ही बराच वेळ उभे होतो. मग बांधाच्या वरच्या अंगाला त्यांनी मला नेले. मुरमात दोन-तीन बिळे होती आणि तोंडाशी उकरलेली ताजी माती.

"खोकडाचं हाय," आण्णा म्हणाले. "तीन सालं झाली. शिमग्याच्या सुमाराला पिलं खेळत्यात इथं." आणि मग मी काही विचारण्याआधीच, "जेसीबीवाल्याला अजून निरोप दिलेला नाही."